समोर बसलेल्या माणसाचा डावा पाय

बाबा, मी एका पोराचे पाय उलटे लिहिले. उजव्याचं डाव्याला लावलं आणि डाव्याचं उजव्याला, आणि तो त्या कागदावर विश्वास ठेवून अठरा दिवस चालला. आता त्याच्या डाव्या गुडघ्याखालचं हाड खचलं आहे. हे अजून कोणालाही माहीत नाही. सांगायला तुम्ही एकटेच सुचलात, आणि तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, म्हणजे माझी काय गत झाली असेल बघा. सकाळचे अकरा वाजलेत, हे कामावर गेलेत, भंडाऱ्याच्या या घरात मी आणि माझा कॉम्प्युटर. टेबलावर एक कागद छापून ठेवला आहे. तो दुपारपर्यंत अड्याळला पोचवायचा आहे. हा कागद अगदी बरोबर आहे. चुकीचा तो आधीचा, जो त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. नवा दिला की जुना जाईल, आणि मी सुटेन. असं सोपं आहे ते.

पोराच्या आईला तुम्ही ओळखत होतात. अड्याळचं किराणा दुकान. नवी नवरी असताना विहिरीवर घसरून तिचा खांदा निखळला होता, तिला एसटीनं सानगडीला आणलं होतं तुमच्याकडे. नवरा आता नाही, दुकान तीच चालवते. पोरगा नागपूरच्या हॉटेलात शिकून जर्मनीत एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी म्हणून गेला. सव्वीस वर्षांचा आहे. तिथं बर्फावर सायकल घसरली आणि मागून गाडी आली. दोन्ही पाय मोडले. उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं, त्यात सळई घातली. डाव्या नडगीचा वरचा भाग, गुडघ्याला लागून असतो तो, तो चुरला होता, तिथं पट्टी ठोकली आणि खाली दुसरीकडचं हाड भरलं. पाच आठवडे गादीवर ठेवलं, उभं केलंच नाही, आणि चालायचं कसं ते कागदावर लिहून विमानात बसवून दिलं. पोराला जर्मन येते ती कांद्याबटाट्यापुरती. आई एका पिशवीत ते बारा कागद आणि दुसरीत लाखोरीची डाळ घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "तुमच्या बाबानं माहा खांदा बसवला होता. आता तुमी माह्या पोराचे कागद वाचून द्या." नागपूरच्या डॉक्टरांना ते इंग्रजीत हवे होते. मी म्हटलं, अहो, मी तर दिवसभर हेच करते.

आणि खरंच हेच करते. जर्मन दवाखान्यांचे कागद, हाडात बसवायच्या पट्ट्या-खिळ्यांची माहितीपत्रकं, सगळं इंग्रजीत. वीस वर्षं झाली. तुम्हाला आठवतं का, नागपूरहून मी पहिल्यांदा ही भाषा शिकून आले तेव्हा तुम्ही ओसरीवर बांबूच्या कामट्या तासत बसला होतात. तुम्ही विचारलं, तिकडं नडगीच्या हाडाले काय म्हणतेत? मी म्हटलं, शीनबाइन. त्यातलं शीने म्हणजे मोडलेल्या हाडाला बांधायची कामटी. तुम्ही हातातली कामटी तशीच स्वतःच्या नडगीला लावून पाहिली आणि असे हसलात! म्हणालात, "लोक समजदार दिसतेत. देवानं कामटी आधीच लावून पाठवली म्हणतेत." मग रोज संध्याकाळी एकेक हाड. गळ्याखालच्या हाडाला आपण दागिन्यावरून हसळी म्हणतो, ते किल्लीचं हाड म्हणतात. तुम्ही म्हणालात, कोणाची हसळी, कोणाची किल्ली, तुटते तेथंच. इंग्रजीत नेताना मला यातलं काहीच नेता येत नाही, तिथं सगळी कोरडी लॅटिन नावं. नडगीच्या वरच्या टोकाला जर्मन माणूस डोकं म्हणतो आणि इंग्रज त्याला पठार म्हणतो. या पोराचं हाड मोडलं ते त्याच जागी. बारा कागदांत मी अकरा वेळा डोक्याचं पठार केलं आणि एकदाही चुकले नाही.

चुकले ते कुठं ते सांगते. तुम्ही मला हाडं शिकवलीत ती समोर बसवून. तुम्ही खाटेवर, मी खाली जमिनीवर. तुम्ही उजवा हात वर करायचे, मी आरशातल्यासारखा डावा करायची, आणि तुम्ही म्हणायचे, उजवा. दहा वर्षांची होते मी. ते असं अंगात मुरलं आहे की अजून कोणी डावा म्हटलं की माझा उजवा हात आधी हलतो. मला हे ठाऊक आहे. म्हणून काम करताना मनगटावरच्या घड्याळाकडे बघते, घड्याळ म्हणजे डावा. कागदावर शब्द असतात तोवर घोटाळा होत नाही, डावं म्हणजे डावं लिहायचं, झालं. बारा पानं मी अशीच केली, दोनदा तपासली. नागपूरला ती गेली, तिथं सगळं ठीक आहे. पण मला शहाणपण सुचलं. वाटलं, आईला इंग्रजी येत नाही, व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडम बारा पानं कशाला वाचतील, आपण एक सोपा कागद करून देऊ. कोणी मागितला नव्हता. मी एक माणूस काढला, समोर तोंड करून उभा. समोर तोंड करून उभ्या माणसाचा डावा पाय कागदाच्या उजव्या बाजूला येतो, हे पहिलीतल्या पोरीलाही कळतं. मी मात्र तो माणूस म्हणजे मीच असल्यासारखे बाण काढले. आणि मग त्याच चित्रातल्या माणसाला समोरचा माणूस धरून, त्याच्याकडे बघून, खाली मराठीत ठळक अक्षरांत लिहिलं: डावा पाय, पूर्ण भार द्यावा. उजवा पाय, सहा आठवडे फक्त वीस किलो. मूळ कागद उघडून पाहिला नाही. मोठी आली जर्मन शिकलेली.

ती माणसं तो कागद देवाचा असल्यासारखी पाळत होती, बाबा. दुकानातला वजनकाटा त्यांनी घरात आणला. रोज सकाळी पोरगा कुबड्या घेऊन उभा राहायचा, उजवा पाय काट्यावर ठेवायचा, आणि आई खाली बसून आकडे वाचायची, अठरा, एकोणीस, बस. वीसच्या वर जाऊ द्यायची नाही. तो उजवा पाय तर चांगला होता, त्यावर तो नाचला असता तरी चाललं असतं. आणि सगळं अंग तो टाकत होता त्या चुरलेल्या डाव्यावर. आईनं हे काट्याचं मला फोनवर कौतुकानं सांगितलं आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, वा, असं करणारी माणसं पाहिली नाहीत मी.

आणि खरं सांगायचं ते पुढंच आहे. आठव्या की नवव्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "पोरगं म्हणते डावाच जास्त दुखते. तुमी म्हणता डावा मजबूत हाये. काय करू?" मी तेव्हा दुसऱ्या कामात होते, एका कंपनीला खुब्याच्या सांध्याचं पुस्तक संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. फाइल उघडायला दोन मिनिटं लागली असती. मी उघडली नाही. मी म्हटलं, इतके दिवस झोपून होता, दुखणारच थोडं, कागदावर आहे तसंच करा. ती म्हणाली, हो, तुमी लिवलं म्हणजे बरोबरच असन. मागून पोराचा आवाज आला, "पण मले दुखते ना, आई." ती त्याला म्हणाली, गप रे, शिकलेल्या बाईनं लिहून देल्लं हाये. मी फोन ठेवला आणि खुब्याकडे वळले.

तुम्ही असतात तर तिथंच थांबला असतात. तुमच्याकडे कोणी आलं की तुम्ही हात लावायच्या आधी काळ्या दोऱ्याचा तुकडा तोडून त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "जेथं दुखते तेथं तूच बांध." तुम्ही स्वतः कधी बांधला नाही. लेकरू असलं तर त्याची आई बांधायची, पण लेकराला विचारून. पंचक्रोशीत लोक म्हणायचे दोरा मंतरलेला आहे. बरे झालेले लोक तो दोरा तुळशीपाशी ठेवायचे. मी कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा दोरे बांधतात का गं? एकदा सुटीत येऊन मी तुमच्यावर चांगलीच उखडले होते, हे थोतांड कशाला करता म्हणून. तुम्ही इकडंतिकडं पाहिलं, कोणी नाही बघून हळूच म्हणालात, "मी समोर बसतो न बाई. समोरून माणूस उलटा दिसते. दुखल्यानं माणूस हात आखडून बसते, कोणता कोणता ते मले समजत नाही. एकदा चांगलाच हात ओढला होता मी एकाचा." एवढंच होतं त्या दोऱ्यात. मी तेव्हा पोट धरून हसले.

गेल्या आठवड्यात पोराचा एक्स-रे झाला. डाव्या नडगीचं ते डोकं की पठार, जे काय असेल ते, आत बसलं आहे. भरलेलं हाड दबलं, खिळे सरकले. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, एवढं जपून, काट्यावर वजन मोजून चालला तरी खचलं, म्हणजे याच्या हाडातच काहीतरी खोट असणार, आता सगळ्या तपासण्या करू आणि मग पुन्हा उघडायचं की नाही ते बघू. पहिल्यासारखा गुडघा होणार नाही असंही म्हणाले. स्वयंपाक्याला दिवसाचे दहा-बारा तास उभं राहावं लागतं. आई फोनवर रडत हे सांगत होती आणि मी ऐकत होते, बिचारं पोर म्हणत होते, आणि मध्येच मला वाटलं, डावा कसा? डाव्याला जपायचं होतं, मग डावाच कसा खचेल? फोन ठेवून मी फाइल उघडली. आधी बारा पानं. मग तो एक कागद. दोन्ही शेजारी ठेवून, घड्याळाकडे बघत पुन्हा वाचले. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, बरं नाही का, तर म्हटलं, डोकं दुखतं आहे. तेव्हापासून रोज डोकंच दुखतं आहे माझं.

तीन दिवस मी स्वतःला काय काय सांगितलं म्हणून सांगू! असं हाड नीट चालूनही खचतं, डॉक्टर लोकही मानतात. मूळ बारा पानं बरोबर आहेत, त्या मॅडमनी ती वाचायला हवी होती. मी कुठं कोणाकडून काही घेतलं होतं, डाळ तेवढी ठेवून घेतली. आणि सांगून हाड थोडंच वर येणार आहे? असा एकेक विचार करायची, जरा बरं वाटायचं, मग स्वयंपाक करताना कानात यायचं, पण मले दुखते ना, आई. परवा ती लाखोरीची डाळ शिजवली आणि मला एक घास गेला नाही.

आज सकाळी तिचा फोन आला. नागपूरचे डॉक्टर म्हणताहेत उद्या सगळे कागद घेऊन या, व्यायामाचासुद्धा. म्हणाली, "तो भिंतीवरचा कागद तेलकट झाला वो बाई, हळद लागली. डाक्टरले कसा दाखवू? एक साफ कापी देता का? जुना मी चुलीत टाकून देते." मी म्हटलं, देते. ती म्हणाली, "पोरगं म्हणते मीच चुकलो, कधी कधी विसरून जास्त जोर देल्ला असन. मीबी त्याले लय बोलली." मी फोन ठेवला, चित्रातले बाण फिरवले, डाव्याच्या जागी उजवा केला, उजव्याच्या जागी डावा, आणि छापला. हात जरासुद्धा कापला नाही, बाबा. याचीच मला भीती वाटते आहे. पाच मिनिटांत मी चूक केली होती आणि पाच मिनिटांत ती पुसली. आता तो कागद समोर आहे आणि मी पत्र लिहीत बसले आहे, कारण या कागदाच्या जिवावर त्या पोराच्या हाडात खोट शोधणार आहेत. सुया टोचतील, औषधं देतील, आणि तो जन्मभर समजेल की आपलंच चुकलं.

तुम्हाला ती मनगटवाली बाई आठवत असेल. मी बारावीला होते. तिचं मनगट तुम्ही बसवलं होतं आणि ते तिरपं जुळलं. ती तुम्हाला दोष द्यायला आलीच नव्हती, भाताच्या रोवणीला आलेल्या कोणीतरी बोलता बोलता सांगितलं, की तिचा हात वाकडा झाला, ती म्हणते माह्या नशिबात होतं. तुम्ही त्याच दुपारी सायकल काढलीत आणि तिच्या गावी जाऊन तिच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगून आलात की मी कामट्या लवकर सोडल्या, चूक माझी. दोन महिने आपल्या ओसरीवर कुत्रंही फिरकलं नाही. आई चूल पेटवायची आणि बोलायची नाही. मी मात्र बोलले. मी ओरडले तुमच्यावर, "कायले सांगतलं? कोणाले समजलं असतं?" तुम्ही सायकलची चेन पुसत होतात. वर न बघता म्हणालात, "ते स्वतःच्या हाडाले नाव ठेवून राहिली होती. तिच्या हाडात काही खोट नोहोती." मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. तेच वाक्य मी गेले तीन दिवस टाळत होते. डॉक्टरांनी खोट हा शब्द उच्चारला नसता तर कदाचित टाळलंही असतं.

मला भीती कशाची वाटते तेही लिहिते. पोलिसबिलिसची नाही. ती बाई ओरडली, तिनं माझ्या थोबाडीत मारली, तरी मी सोसेन. पण ती तसं करणार नाही. ती आधी म्हणेल, "तुमी तर त्यायची पोरगी ना." आणि त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघायचं आहे मला. त्यानं तर मला सांगितलं होतं कुठं दुखतं ते. सगळ्या जगात त्याला एकट्याला बरोबर माहीत होतं, आणि मी भंडाऱ्यात खुर्चीत बसून त्याला गप्प केलं.

मघाशी इथवर लिहून मी उठले आणि फोन लावला. तिनं उचलला, मागं दुकानात कोणीतरी साखर मागत होतं. मी म्हटलं, "बाई, तो जुना कागद चुलीत टाकू नका. भिंतीवर आहे तसाच राहू द्या. मी येऊन राहिली." ती म्हणाली, "काहून वो? तेलकट हाये तो." मी म्हटलं, "राहू द्या. तोच डॉक्टरांना दाखवायचा आहे. आल्यावर सांगते." ती म्हणाली, "बरं, या. जेवाले थांबजा." पुढचं माझ्या तोंडून निघालं नाही. पण आता तो कागद तिथं आहे आणि मला जाऊन त्याच्यासमोर उभं राहावं लागणार आहे. अड्याळवरून पवनीकडे जाणारी गाडी साडेबाराला आहे. नवा कागद मी फाडला. मग बारा पानांची आणखी एक प्रत काढली आणि डावा शब्द आहे तिथं तिथं लाल खूण केली, प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघून.

हे पत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवते, ते कुठं जायचं नाही. ड्रॉवर उघडला तर तुमची रीळ दिसली. मला दवाखान्यांची कामं मिळायला लागली तेव्हा तुम्ही सानगडीहून आलात आणि कॉम्प्युटरशेजारी काळ्या दोऱ्याची रीळ ठेवलीत. म्हणालात, तुह्याही समोरचं माणूस उलटंच असते, काम कराच्या आधी डाव्या हाताले बांधत जा. मग तुम्ही गेलात तोवर दर फोनवर विचारायचे, दोरा बांधतेस ना? मी म्हणायची, हो बाबा, बांधते. रिळाला दुकानात गुंडाळलेला कागद मी आज पहिल्यांदा फाडला.